चिकन सॅलडची साठवण आणि मुदत : प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार

आमच्या पुण्यातल्या, कर्वेनगरच्या स्वयंपाकघरातून बाणेर आणि हिंजवडीच्या कार्यालयांना दुपारचे जे डबे जातात, त्यांत हिवाळ्यापासून चिकन सॅलडची मागणी सर्वांत वेगाने वाढली आहे आणि साठवणुकीच्या दृष्टीने तोच पदार्थ सर्वांत बेभरवशाचा आहे. उकडून, तंतू सुटे केलेले बोनलेस ब्रेस्ट, अंडेविरहित मेयोनीज, थोडे मस्टर्ड, काकडी, सिमला मिरची, कांद्याची पात आणि सफरचंद एवढ्यावर तो होतो. रस्सा किंवा भाजी ऐन वेळी पुन्हा खळखळून उकळता येते. हा पदार्थ मात्र कोंबडी शिजल्यानंतर विस्तवावर कधीच चढत नाही. त्यामुळे शिजवल्यानंतर हाताने, सुरीने, भाजीने किंवा भांड्याने जे काही त्यात जाईल ते थेट खाणाऱ्याच्या पोटात जाते.

आजवर या पदार्थाला लेखी मुदत नव्हती. सकाळी मावशी कालचा डबा उघडतात, वास घेतात, आणि वास बरा असला तर तो आजच्या डब्यांत जातो. हा प्रकल्प त्या जागी घड्याळ आणि थर्मामीटरवर चालणारा नियम आणण्यासाठी आहे. सुरुवातीचा आधार असा की, अमेरिकेच्या सरकारी तक्त्यांत चिकन सॅलडला ४ अंश सेल्सियस किंवा त्याखाली ३ ते ४ दिवसांची मुदत दिलेली आहे, तर आपल्याकडे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या निकषांप्रमाणे थंड वाढायचे पदार्थ ५ अंश किंवा त्याखाली ठेवणे आवश्यक आहे. ही मुदत पदार्थ सतत थंड राहिला असेल तरच लागू होते. आपला पदार्थ खरोखर किती थंड राहतो, हे आधी पाहावे लागेल.

८ एप्रिल २०२५, मंगळवार

मोजण्याचे साधनच चुकीचे असेल तर पुढच्या साऱ्या नोंदी वाया जातील, म्हणून आधी थर्मामीटर तपासले. बर्फाचा चुरा आणि त्यात जेमतेम पाणी घालून ढवळल्यावर सळई काठाला किंवा बुडाला न टेकवता धरली, तर आकडा ० अंशावर स्थिर व्हायला हवा. दोन थर्मामीटर त्या कसोटीला उतरली; तिसरे २ अंश जास्त दाखवत होते, ते बाजूला काढले. उकळत्या पाण्यात दोन्ही ९८ च्या आसपास थांबली, तेव्हा आचाऱ्यांना ती बिघडलेली वाटली; परंतु पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांलाच उकळते. मुंबईहून आलेल्या कोणालाही हे पटवून देण्याची तयारी ठेवावी.

१० एप्रिल २०२५, गुरुवार

फ्रिजच्या दारावरचा आकडा हा आतल्या हवेचा आणि तोही एकाच जागेचा असतो. पदार्थाचे तापमान कळावे म्हणून प्रत्येक कप्प्यात पाण्याचा पेला रात्रभर ठेवून सकाळी पहिले दार उघडण्यापूर्वी त्यातले पाणी मोजले. उभ्या स्टीलच्या फ्रिजमध्ये मधल्या आणि खालच्या कप्प्यांत ३ ते ४ अंश मिळाले. काचेच्या दाराचा जो कूलर आपण शीतपेयांच्या विक्रेत्याकडून घेतला आहे, त्यात वरच्या कप्प्यात ८ ते ९ आणि खाली ६ अंश होते. दुपारी डबे भरण्याच्या गडबडीत दार सतत उघडझाप होते, तेव्हा वरचा कप्पा ११ पर्यंत गेला.

हे कूलर बाटल्या गार ठेवण्यासाठी असतात, मांसाचे पदार्थ जपण्यासाठी नव्हेत. दिसायला मात्र सॅलडचे डबे त्यातच सर्वांत छान दिसतात, आणि म्हणूनच ते तिथे ठेवले जात होते. आजपासून चिकन सॅलड फक्त स्टीलच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचे. कच्ची कोंबडी नेहमी त्याखाली राहील, जेणेकरून तिचे पाणी गळले तरी तयार अन्नावर पडणार नाही. फ्रिजच्या दारातल्या खणांत चटण्या आणि सॉस सोडून काही ठेवायचे नाही, कारण ती जागा सर्वांत उबदार असते.

१४ एप्रिल २०२५, सोमवार

आंबेडकर जयंतीच्या सुट्टीमुळे कार्यालयांचे डबे नव्हते. म्हणून कोंबडी निवण्याचा प्रश्न आजच हाती घेतला. संपूर्ण प्रकल्पात सर्वांत जास्त धोका याच टप्प्यावर आहे असे माझे मत बनले आहे.

शिजवण्याबाबत वाद नाही. सर्वांत जाड तुकड्याच्या पोटात सळई घालून ७५ अंश मिळाल्याशिवाय पातेले उतरवायचे नाही, हे आचारी आधीपासून पाळतात. गोष्ट बिघडते ती त्यानंतर. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये ही घरोघरची शिकवण आहे, आणि तिच्यामुळे उकडलेल्या कोंबडीचे पातेले झाकण ठेवून ओट्यावर तसेच निवत पडते. एफएसएसएआयच्या तपासणी निकषांप्रमाणे असे अन्न ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत आणखी दोन तासांत उतरले पाहिजे. आज नेहमीसारखे पातेले झाकून ठेवले, तेव्हा दोन तासांनी मधले तुकडे ४५ अंशांच्या वर होते. म्हणजे ते जंतूंना अगदी मानवणाऱ्या उबेत होते, आणि या वेगाने ते २१ पर्यंत यायला संध्याकाळ झाली असती. काही जंतूंचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि अशाच संथ निवणाऱ्या मांसात पुन्हा जागे होतात.

त्याच घाण्यातले बाकीचे तुकडे पाण्यातून काढून, स्वच्छ चिमट्याने पसरट ट्रेमध्ये एका थरात मांडले आणि तो ट्रे बर्फ घातलेल्या परातीत टेकवला. ते अर्ध्या तासाच्या आत २१ च्या खाली आले. मग उघड्याच ट्रेने फ्रिजच्या वरच्या मोकळ्या कप्प्यात ठेवले; पूर्ण गार झाल्यावर झाकण लावले, कारण वाफ आत कोंडली की झाकणाला घाम धरतो आणि तेच पाणी परत मांसावर ठिबकते. तंतू सुटे करण्याचे काम गार झाल्यावर, हातमोजे घालूनच करायचे. ऊन मांसात बोटे घालून ते पटकन सुटते हे खरे असले तरी उघड्या हातांची ऊब आणि त्यांवरचे जंतू दोन्ही एकदमच मिळतात.

यापुढे सर्व साहित्य मिसळण्यापूर्वी गार असले पाहिजे. काकडी, सफरचंद आणि मेयोनीजसुद्धा. गार कोंबडीत ३५ अंशांची काकडी कालवली की सगळे मिश्रण पुन्हा उबदार होते आणि डब्यात भरल्यावर ते थंड व्हायला फार वेळ घेते.

२१ एप्रिल २०२५, सोमवार

आजपासून निरीक्षणासाठी राखून ठेवलेले डबे सुरू. एकाच घाण्यातून सारखे डबे भरले आहेत: काही स्टीलच्या फ्रिजमध्ये ३ ते ४ अंशांवर, काही काचेच्या कूलरच्या वरच्या कप्प्यात, आणि काही डबे मुद्दाम ४ तास ओट्यावर, ३३ अंशांच्या स्वयंपाकघरात ठेवून मग स्टीलच्या फ्रिजमध्ये. झाकणांवर फक्त रंगाचे ठिपके आहेत, म्हणजे पाहणाऱ्याला कोणता डबा कुठला हे कळणार नाही. यातला एकही घास कोणी चाखायचा नाही. निरीक्षण संपल्यावर सर्व डबे कचऱ्यात जातील.

२२ एप्रिल २०२५, मंगळवार

सकाळी आचारी, मावशी आणि मी अशा तिघांनी स्टीलच्या फ्रिजमधले डबे पाळीपाळीने उघडून पाहिले आणि वास घेतला. ओट्यावर ४ तास राहिलेले डबे ओळखा, एवढाच प्रश्न होता. तिघांनाही ते ओळखता आले नाहीत. रंग तोच, मस्टर्ड आणि पातीचा वास तोच, काकडीही तितकीच करकरीत. मावशींनी तर ओट्यावरच राहिलेला एक डबा उचलून सांगितले, "ताई, हाच सगळ्यात ताजा आहे, बघा."

हे का होते, ते टिपणात लिहून ठेवणे गरजेचे वाटते. अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. नासवणारे जंतू आम्ल, वायू आणि चिकट पदार्थ तयार करतात, म्हणून आपल्या नाकाला आणि बोटांना त्यांचा सुगावा लागतो. साल्मोनेला किंवा स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जंतू मात्र धोका होण्याइतके वाढले तरी वासात, रंगात किंवा चवीत काहीही कळू देत नाहीत. त्यातला स्टॅफिलोकोकस तर निरोगी माणसाच्या नाकात आणि कातडीवर राहतो, कापलेल्या बोटावर तर हमखास सापडतो. तो उबेत वाढला की जे विष सोडतो ते उकळूनही नष्ट होत नाही, आणि खाल्ल्यानंतर अर्ध्या ते आठ तासांत उलट्या सुरू होतात. तेव्हा डबा संध्याकाळी तव्यावर परतून सँडविचमध्ये घालावा, ही जी सूचना आमच्याकडे अधूनमधून येते, ती बाद आहे.

वास चांगला असूनही काय होऊ शकते याचे याच पदार्थाचे मोठे उदाहरण २०१८ च्या सुरुवातीचे आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील किराणा दुकानांतून विकल्या गेलेल्या तयार चिकन सॅलडमुळे ८ राज्यांतल्या २६५ जणांना साल्मोनेलाची बाधा झाल्याची नोंद झाली. ९४ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि आयोवात एकाचा मृत्यू झाला. दुकानातल्या थंड काउंटरवरून वजनावर घेतलेला पदार्थ होता तो. नासका वास येत असता तर एवढ्या लोकांनी तो घरी नेऊन खाल्ला नसता.

२४ एप्रिल २०२५, गुरुवार

दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज नव्हती. पुण्यात गुरुवार हा त्यासाठीच ठरलेला वार असल्याने तयारी होती: दार टेपने बंद करून त्यावर वीज गेल्याची वेळ लिहिली होती. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास तग धरतो असे मानले जाते आणि आजचे आकडे त्याला धरूनच आले. तीन तासांनी वीज आली तेव्हा मधल्या कप्प्यातले पाणी ५ अंशांवर होते. चार तास ओलांडले आणि पदार्थ ५ अंशांच्या वर गेलेला आढळला, तर त्या दिवशीचे सॅलड टाकायचे. यापुढे गुरुवारी चिकन सॅलडऐवजी चण्याचे सॅलड ठेवावे असा प्रस्ताव मालकांपुढे मांडला आहे.

निरीक्षणातल्या डब्यांत आज फरक दिसू लागला. काचेच्या कूलरमधल्या डब्याचे झाकण मध्यभागी किंचित फुगले होते आणि उघडताना हलकासा फस्स आवाज आला. वास आंबूस होता, ताकासारखा. मेयोनीजचा मूळ आंबटपणा नाकाला टोचतो, हा वास मात्र घशात जड उतरत होता. पृष्ठभागावर काकडीच्या चकतीभोवती बारीक बुडबुडे होते. हातमोज्याच्या दोन बोटांत मांसाचा तंतू धरून हळूच बोटे दूर केली तर मधे बारीक तार आली, जशी उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या डाळीला सुटते. हा पदार्थ नासला आहे याबद्दल शंका नाही.

स्टीलच्या फ्रिजमधल्या डब्यांत तळाशी पातळ, दुधट पाणी साचले होते. आचाऱ्यांनी ते डबेही खराब ठरवले, पण ते पाणी मिठामुळे काकडीला सुटलेले आहे. ते बोटांत चोळले तर घसरते, चिकटत नाही आणि त्याला वेगळा वास नाही. सफरचंदाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, तोही हवेचा परिणाम. याने पदार्थाचे रूप उतरते, ग्राहक नाराज होतो, पण याला नासणे म्हणता येत नाही. काकडी बी काढून, मीठ लावून, पिळून घेतली तर पाणी बरेच कमी सुटते असे पुढच्या घाण्यात दिसले.

२५ एप्रिल २०२५, शुक्रवार

तमिळनाडू सरकारने ८ एप्रिलपासून कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातल्याच्या बातम्या सगळीकडे आहेत, त्यामुळे मालकांनी मेयोनीजबद्दल विचारणा केली. तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अशीच बंदी घातली होती आणि केरळने जानेवारी २०२३ मध्ये. आपण कारखान्यातले, अंडेविरहित मेयोनीज वापरतो, तेव्हा कच्च्या अंड्याचा धोका आपल्याकडे नाही. ते पुरेसे आहे असे मात्र नव्हे.

लोकसमजूत अशी की, सॅलड खराब होते ते मेयोनीजमुळे. वस्तुतः कारखान्यातले मेयोनीज व्हिनेगरमुळे चांगलेच आम्लधर्मी असते, आणि त्यात जंतूंना वाढणे अवघड जाते. सामू (pH, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ४.६ च्या खाली असला तर बहुतेक घातक जंतूंची वाढ रोखली जाते. पण कोंबडीच्या मांसाचा सामू ६ च्या जवळपास असतो आणि काकडीही फारशी आंबट नाही. आपल्या तयार मिश्रणात पट्टी बुडवली तर रंग ५ आणि ५.५ च्या मधे आला. म्हणजे मेयोनीजचे संरक्षण मिश्रणात विरघळून गेले, आणि वरून पिळलेल्या लिंबाने त्यात सांगण्याजोगा फरक पडला नाही. दोष कोंबडीचा आणि ती हाताळणाऱ्या हातांचा असतो. नाव मेयोनीजचे खराब होते.

२ मे २०२५, शुक्रवार

डब्यांचा प्रवास मोजला. स्वयंपाकघरातून ४ अंशांवर निघालेला डबा उष्णतारोधक पिशवीत ठेवून हिंजवडीला पोहोचेपर्यंत, जेल पॅक दोन्ही बाजूंना असतील तर ६ अंशांवर, आणि फक्त तळाशी असतील तर वरच्या रांगेतला डबा ११ अंशांवर होता. त्याच पिशवीत गरम पराठ्यांचे पुडके घातलेले आढळले. हे कोणत्याही परिस्थितीत बंद झाले पाहिजे, आणि डिलिव्हरीच्या मुलांना त्यासाठी दुसरी पिशवी दिली आहे.

पोहोचल्यानंतर डबा आपल्या हातात नसतो. थंड पदार्थ फ्रिजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास, हा अमेरिकी मार्गदर्शनातला नियम पुण्याच्या मे महिन्यात एक तासाचाच ठरतो. ही वेळ सगळी मिळून मोजायची असते: ओट्यावरची पंधरा मिनिटे, लिफ्टसमोरची दहा, मेजावरची अर्धा तास. परत फ्रिजमध्ये ठेवल्याने घड्याळ शून्यावर जात नाही.

९ मे २०२५, शुक्रवार

मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आला. स्टीलच्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या, तिसऱ्या दिवसाच्या नमुन्यात साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये आढळला नाही आणि स्टॅफिलोकोकसही मर्यादेत आहे. अहवाल चौकटीत घालून भिंतीवर लावण्याचा मालकांचा विचार आहे, त्याला माझा विरोध नोंदवते. एका घाण्याचा एक नमुना त्या दिवशीच्या कामाबद्दल सांगतो. पुढच्या आठवड्यात कोणी पातेले झाकून ओट्यावर विसरले तर त्याबद्दल हा कागद मुका आहे.

मुदत अशी ठरवली: मिसळल्याच्या वेळेपासून स्वयंपाकघरात ४८ तास, त्यानंतर वास कसाही असो, डबा टाकायचा. तक्त्यातले ३ ते ४ दिवस घरच्या, क्वचित उघडणाऱ्या फ्रिजसाठी ठीक आहेत; आमचे दार दिवसभर उघडते, आणि डबा घेणाऱ्याने तो घरी नेऊन रात्री खाण्याची शक्यता धरूनच चालावे लागते.

मावशींचा आक्षेप योग्य जागी होता. "वास नाही, चव नाही बिघडली, तर अन्न टाकायचं कशाला?" असे त्यांनी विचारले, आणि अन्न टाकवत नाही हे मलाही लागू आहे. पण त्यावर मुदत वाढवणे हा उपाय होऊ शकत नाही. म्हणून घाणा लहान केला आहे. कोंबडी उकडून, गार करून, सुटी करून ठेवायची आणि मेयोनीज व भाज्या त्या दिवशीच्या मागणीपुरत्याच, सकाळी कालवायच्या. कोंबडीची ४८ तासांची मुदत मात्र शिजवल्यापासूनच मोजायची, कालवल्यापासून नव्हे. नाहीतर दोन दिवसांची कोंबडी आणखी दोन दिवसांची नवी मुदत घेऊन बसेल. वरच्या वाक्यात "मिसळल्याच्या वेळेपासून" लिहिले आहे ते या बदलामुळे रद्द समजावे.

१३ मे २०२५, मंगळवार

डब्याच्या चिठ्ठीचा मजकूर पक्का झाला: "कोंबडी शिजवल्याची तारीख व वेळ: ____. मुदत संपण्याची तारीख व वेळ: ____, त्यानंतर खाऊ नये. मिळाल्यापासून एका तासात खावे किंवा लगेच ५ अंशांखाली ठेवावे." त्याखाली गरोदर स्त्रिया, लहान मुले, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी हा पदार्थ ताजाच, त्याच जेवणाला खावा अशी ओळ घातली आहे. याचे कारण लिस्टेरिया. हा जंतू फ्रिजच्या गारव्यातही हळूहळू वाढतो, आणि गरोदरपणात त्याची बाधा गर्भापर्यंत पोहोचू शकते.

चिठ्ठी झाकणावर न लावता डब्याच्या अंगावर लावायची, कारण झाकणांची अदलाबदल होते.

१९ मे २०२५, सोमवार

एका कार्यालयाने महिन्याची एकदम मागणी देण्याची तयारी दाखवली आहे आणि सॅलड गोठवून ठेवता येईल का, असे विचारले आहे. तयार सॅलड गोठवून पाहिले. सुरक्षिततेची अडचण नाही, पण वितळल्यावर मेयोनीज फुटते, तेल वेगळे आणि पाणी वेगळे होते, काकडीचा लगदा होतो. असा डबा कोणी दुसऱ्यांदा मागवणार नाही. गोठवल्याने जंतू मरतातच असे नाही, ते नुसते थांबतात, हेही त्यांना कळवले.

गोठवायची असेल तर कोरडी, सुटी केलेली, गार कोंबडीच गोठवावी: पसरट, चपट्या पाकिटांत, म्हणजे गोठते लवकर आणि वितळतेही लवकर. वितळवायची ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ट्रेमध्ये. ओट्यावर किंवा गरम पाण्यात नाही. वितळल्यापासून २४ तासांत वापरायची आणि पुन्हा गोठवायची नाही. पाकिटावर दोन तारखा लिहायच्या, शिजवल्याची आणि फ्रीझरमधून काढल्याची. कार्यालयाला उत्तर पाठवले आहे की, महिन्याची मागणी स्वीकारू, पण डबे रोजचे रोज भरले जातील आणि गुरुवारी चणे मिळतील.